चिखल, खारं पाणी आणि एटीव्हीचे ब्रेक

मोटारीचे ब्रेक वापरून झिजतात. एटीव्हीचे ब्रेक बहुतेक वेळा त्याआधीच कशाने तरी जातात: चिखलाने, वाळूने, खाऱ्या पाण्याने, नाहीतर महिनोन्‌महिने एका जागी उभं राहून. हा फरक लक्षात घेतला नाही तर देखभालीचा हिशोब पहिल्या ओळीतच चुकतो, कारण आपण सवयीने किलोमीटर मोजत बसतो. मीटरवर फारसा आकडा नसलेल्या गाडीचे पॅड पार लोखंडी पाठीपर्यंत खाल्लेले निघतात आणि मालक म्हणतो, गाडी तर नुसती उभीच असते! खरं आहे. तिचं निम्मं दुखणं त्या उभं राहण्यातच असतं.

आधी गाडी कोणती ते ठरवू. एटीव्ही म्हणजे स्टिअरिंगऐवजी हँडल असलेली, दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायची, जाड आणि कमी हवेच्या टायरांची गाडी. होंडाने १९७० मध्ये अमेरिकेत तीनचाकी आणली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सुझुकीची क्वाडरनर ही चारचाकी, म्हणजे क्वाड, आली. तीनचाकी फार उलटायच्या. अपघात इतके वाढले की १९८८ मध्ये अमेरिकी सरकार आणि उत्पादक यांच्यात न्यायालयामार्फत समझोता झाला आणि नव्या तीनचाकींची विक्री थांबली. २००८ च्या कायद्याने या गाड्यांसाठीचं ऐच्छिक मानक तिथे सक्तीचं झालं. चालवताना लागणारा ब्रेक आणि उभी करताना लागणारा पार्किंग ब्रेक, दोन्ही त्यात बंधनकारक आहेत. ऑस्ट्रेलियाने २०१९ मध्ये स्वतःचं मानक आणलं. त्यात गाडी उलटल्यावर स्वाराला वाचवणाऱ्या चौकटीची अट होती आणि तीवरून होंडा, यामाहा यांसारख्या मोठ्या कंपन्यांनी तिथे क्वाड विकणंच सोडलं.

गेली चाळीस वर्षं सुरक्षेची बहुतेक चर्चा अशी उलटण्याभोवती फिरत आली आहे आणि ब्रेक त्या चर्चेच्या कडेला उभे राहिले. माझ्या मते ही विभागणीच चूक आहे. एटीव्ही उंच, आखूड आणि अरुंद असते. चढावर इंजिन बंद पडून ती मागे घसरू लागली आणि स्वाराने घाबरून फक्त मागचा ब्रेक जोरात दाबला, तर पुढची चाकं उचलली जाऊन गाडी त्याच्याच अंगावर येऊ शकते. अशा वेळी पुढचा ब्रेक हळूहळू दाबत जायचा, असं प्रशिक्षणात शिकवतात. पण पुढचा ब्रेक धरतच नसेल तर शिकवलेलं काय कामाचं? उतारावर पुढचं एक चाक धरतं आणि दुसरं धरत नाही, तेव्हा हँडल एका बाजूला ओढलं जातं आणि गाडी उताराला आडवी होते. आडव्या झालेल्या गाडीला उलटायला मग फार निमित्त लागत नाही. म्हणून एटीव्हीचा ब्रेक किती जोरात धरतो याच्याइतकंच तो दोन्ही बाजूंना सारखा धरतो का, हेही बघावं लागतं. सर्व्हिसिंग करणाऱ्यांपैकी फार थोडे हे बघतात.

या गाड्यांवर तीन तऱ्हांचे ब्रेक सापडतात आणि तिघांच्या सवयी वेगळ्या आहेत.

सगळ्यात जास्त दिसतो तो उघडा डिस्क ब्रेक. पोलारिसच्या गाड्यांना चारही चाकांवर असतो. यामाहाच्या रॅप्टरसारख्या खेळाच्या गाडीवर पुढे दोन डिस्क आणि मागे सलग ॲक्सलवर एकच. धरायला उत्तम, दुरुस्तीला सोपा. त्याचं दुर्दैव त्याच्या जागेत आहे. चाक लहान असल्यामुळे कॅलिपर रिमच्या आत कोंबलेला असतो. रिम आणि कॅलिपर यांच्या फटीत चिखल भरतो, त्यात बारीक खडे अडकतात आणि चाक फिरेल तसे ते घासत राहतात. रिमला आतून चर पडतात, ब्रेकची नळी सोलली जाते. पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये गेलेलं वाळूमिश्रित पाणी पॉलिश पेपरचं काम करतं, तेही ब्रेक न दाबता. चिखलातल्या एका लांबलचक दिवसात नवे ऑरगॅनिक पॅड संपलेले आढळतात, हे चिखलात गाड्या घालणारे लोक जाणतात. सिंटर्ड म्हणजे धातूची भुकटी दाबून भाजलेले पॅड चिखलात बरेच जास्त टिकतात. डिस्क मात्र ते जास्त खातात आणि थंड असताना सुरुवातीला थोडे कमी धरतात. चिखलातल्या गाडीला सिंटर्ड आणि कोरड्या मातीत हलकं काम करणाऱ्या गाडीला ऑरगॅनिक, एवढा नियम पुरेसा आहे. पॅडचा मसाला एक मिलिमीटरच्या आसपास आला की बदलायचा, असं बहुतेक कंपन्या सांगतात. चिखलात जाणाऱ्याने त्याची वाट पाहू नये. दीड-दोन मिलिमीटर उरले असताना निघालेला माणूस संध्याकाळी लोखंडावर लोखंड घासत परततो. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. ती मोजायला व्हर्निअर लागतो आणि तो बहुतेक गॅरेजांत कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये पडलेला असतो.

पॅडपेक्षा जास्त लक्ष कॅलिपरला द्यावं. बहुतेक एटीव्हींवर तरंगता कॅलिपर असतो: एका बाजूला पिस्टन, आणि पूर्ण कॅलिपर दोन पिनांवर सरकून दुसऱ्या बाजूचा पॅड ओढून घेतो. पिनांवरचे रबरी बूट फाटले की आत पाणी जातं, पिना गंजतात आणि कॅलिपर सरकायचा थांबतो. मग पिस्टनकडचा पॅड झिजून जातो आणि समोरचा जवळपास नवा राहतो. असे असमान झिजलेले पॅड हातात आले की पॅड बदलून गाडी परत देणाऱ्या मेकॅनिकला थांबवा, कारण दुखणं पिनांमध्ये आहे. पिना काढून साफ करायच्या, सिलिकॉन ग्रीस लावायचं, बूट बदलायचे. साधं पेट्रोलियमचं ग्रीस इथे चालत नाही, त्याने रबर फुगतं. नवे जाड पॅड बसवताना पिस्टन आत ढकलावा लागतो, आणि तिथे हमखास घाई होते. बाहेर आलेल्या भागावर चिखल वाळलेला असताना तो तसाच ढकलला तर ती घाण सीलखाली जाते. आधी ब्रेक क्लीनरने धुवावा, मग ढकलावा. कॅलिपर सोडवला की तो नळीवर लोंबकळत ठेवू नये, तारेने बांधून ठेवावा.

दुसरी तऱ्हा ड्रमची. जुनी म्हणून तिला नाक मुरडायचं कारण नाही. होंडाच्या रँचर आणि फोरमन या शेतीकामाच्या गाड्यांवर मागे सीलबंद ड्रम वर्षानुवर्षं आलेला आहे. ड्रम बंद असतो, चिखल सहजी आत जात नाही, आणि तो केबलने चालत असेल तर ब्रेक ऑइलची कटकटही नाही. पण बंद पेटीचा तोटा असा की आत एकदा गेलेलं पाणी लवकर बाहेर येत नाही. ओढ्यातून निघालेल्या गाडीचा उघडा डिस्क चार-दोनदा हलका ब्रेक दाबला की कोरडा होतो. ड्रममध्ये सीलची कड झिजली असेल तर पाण्यामागोमाग गाळही जातो आणि तिथेच बसून शू आणि ड्रम दोन्ही खात राहतो. बाहेर एक छोटा बाण असतो, तो शूची झीज दाखवतो. गंजलेला कॅम, घट्ट झालेली केबल आणि आतला गाळ तो दाखवत नाही. केबल खेचून खेचून लीव्हरचा प्ले ठीक करत राहिलं की बाहेरून सगळं बरं दिसतं. होंडाच्या अशा गाड्यांना लीव्हरच्या टोकाशी साधारण १५ ते २० मिलिमीटर प्ले ठेवतात. तो जुळवला म्हणजे ब्रेक तपासला, असं मात्र नाही. वर्षातून एकदा तरी ड्रम उघडावा. उघडताना कॉम्प्रेसरची हवा मारू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ती धूळ फुफ्फुसात गेली की परत येत नाही. ओल्या फडक्याने किंवा क्लीनरने धुवावं. आपल्याकडच्या गॅरेजांत हवेचा पाइप हेच झाडू म्हणून वापरतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

तिसरी तऱ्हा मला सर्वांत पटणारी: तेलात बुडालेला ब्रेक. कावासाकीची ब्रूट फोर्स ७५०, सुझुकीची किंगक्वाड ७५० आणि यामाहाची कोडिॲक यांच्या मागच्या बाजूला, गिअरच्या घरातच, अनेक चकत्यांचा ब्रेक बसवलेला असतो. मोटारसायकलच्या क्लचसारखी रचना, तेलात चालणारी. चिखल, पाणी, वाळू यांपैकी काही त्याच्यापर्यंत पोचत नाही. झीज इतकी हळू की अनेकांना तो उघडायची वेळच येत नाही. पण याच सुखामुळे लोक त्याला विसरतात. ब्रेक आणि गिअर एकाच तेलात असल्यामुळे तेल पुस्तिकेत लिहिलेलंच हवं. भलतं गिअर ऑइल टाकलं की ब्रेक दाबताना गाडी थरथरते, नाहीतर चकत्या घसरतात. खोल पाण्यात गाडी बुडाली आणि श्वासनळीतून पाणी आत गेलं तर तेल दुधाळ होतं. ते त्याच आठवड्यात बदलावं. चकत्या खरोखर संपल्या तर मात्र मागचं सगळं घर उघडावं लागतं आणि तो खर्च पॅडच्या कितीतरी पट असतो. तरीही दलदलीत, भाताच्या खाचरात किंवा किनाऱ्यावर रोज जाणारी गाडी घ्यायची असेल, तर मी मागे असा ब्रेक असलेलीच घेईन. पुढे मात्र याही गाड्यांना उघडे डिस्कच असतात, त्यामुळे वरचा सगळा पाढा सुटत नाही.

आता ब्रेक ऑइल. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ग्लायकॉल इथरची, हवेतली ओल शोषणारी द्रवं आहेत. ताज्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ चा २३०, डॉट ५.१ चा २६०. सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर हेच आकडे १४०, १५५ आणि १८० वर येतात. म्हणजे ओल धरलेलं डॉट ४ ताज्या डॉट ३ पेक्षा कितीतरी आधी उकळतं. लांब उतारावर ब्रेक दाबून धरला की तापलेल्या कॅलिपरमध्ये त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि लीव्हर हँडलपर्यंत मऊ जातो. डॉट ५ हे वेगळं, सिलिकॉनचं द्रव आहे आणि ते बाकीच्यांत मिसळत नाही. नावात फक्त एका दशांशाचा फरक असल्यामुळे दुकानदारही डॉट ५ आणि डॉट ५.१ यांत गोंधळतात. टाकीच्या झाकणावर जे लिहिलं असेल तेच टाकावं. दोन वर्षांत एकदा पूर्ण बदल ही सर्वसाधारण शिफारस आहे. कोकणासारख्या दमट हवेत हा बदल दर वर्षी करावा, आणि अर्धी उरलेली बाटली पुढच्या हंगामासाठी फळीवर ठेवू नये.

पातळी कमी दिसली की ऑइल ओतणं ही एक वाईट सवय आहे. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो आणि टाकीतली पातळी आपोआप उतरते; ती उतरलेली पातळीच पॅड बघायला सांगत असते. वरून भरलं की ती खूण पुसली जाते, आणि नवे पॅड बसवून पिस्टन आत ढकलल्यावर जास्तीचं ऑइल उसळून टाकीच्या प्लास्टिकवर सांडतं आणि रंग खाऊन टाकतं.

लीव्हर नीट दाबून बघितला तर निम्मं निदान तिथेच होतं. स्पंजासारखा मऊ लागला तर आत हवा आहे. घट्ट लागला पण दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात राहिला तर मास्टर सिलिंडरचं सील गळतंय. लीव्हर कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅडवर तेल आलंय किंवा ते काचेसारखे गुळगुळीत झालेत. ब्रेक सोडल्यावरही चाक जड फिरत असेल तर कॅलिपर जाम असेल, नाहीतर मास्टर सिलिंडरमधलं परतीचं छिद्र बुजलेलं असेल. सुईच्या टोकाएवढं ते छिद्र, त्यात एक कण अडकला की तापलेल्या ऑइलला परत जायला वाट उरत नाही आणि ब्रेक आपोआप लागत जातो. हवा काढताना एटीव्हीची एक खास अडचण येते. मास्टर सिलिंडर उंच हँडलवर असतो आणि नळी वळसे घेत खाली येते, त्यामुळे हवेचा बुडबुडा वरच्या बँजो बोल्टपाशी अडकून बसतो. खालच्या निप्पलमधून कितीही ऑइल काढलं तरी तो हलत नाही. अशा वेळी वरचा बोल्ट किंचित सैल करून तिथूनच हवा काढावी लागते, किंवा लीव्हर दाबलेला बांधून गाडी रात्रभर ठेवली तरी बऱ्याचदा काम होतं.

पार्किंग ब्रेकबद्दल थोडक्यात. बऱ्याच गाड्यांत लीव्हर दाबून खटका अडकवला की तो लागतो, म्हणजे दाब धरून ठेवायचं काम तेच ऑइल करतं. बराच वेळ गेला की हा दाब सैलावतो. उतारावर ठेवलेल्या गाडीच्या चाकाखाली दगड लावणं हे अडाणीपणाचं लक्षण नाही, उत्पादकांच्या पुस्तिकाही तेच सांगतात.

याच पुस्तिकांत देखभालीची वेळ तासांत आणि महिन्यांत दिलेली असते, आणि चिखल, पाणी, वाळू यांत वारंवार जाणाऱ्या गाडीसाठी ती बरीच आधी करावी अशी सूचना असते. हे तक्ते प्रामुख्याने अमेरिकी शेतमळे आणि जंगलवाटा डोळ्यांसमोर ठेवून केलेले. अलिबाग, काशीद, तारकर्ली किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर भाड्याने फिरणारी क्वाड दिवसभर ओल्या वाळूत, लाटेच्या कडेने, दर थोड्या वेळाने नव्या आणि बहुतेक वेळा अननुभवी माणसाच्या हातात असते. कठीण वापराच्या व्याख्येत तिचा दरेक तास बसतो. मीठ ब्रेकचं जे करतं ते चिखलही करत नाही. ॲल्युमिनिअमच्या कॅलिपरमध्ये सीलच्या खाचेत पांढरी पूड साठते, ती सील आतून ढकलून पिस्टनवर आवळते आणि पिस्टन जागीच धरला जातो. बाहेरून कॅलिपर चकचकीत दिसतो. यावर उपाय एकच: त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने, साध्या नळीने धुणं, नंतर थोडं चालवून हलके ब्रेक मारून वाळवणं, आणि हंगाम संपताना कॅलिपर उघडून खाचा साफ करणं. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप जवळून मारला तर खारं पाणी निघण्याऐवजी सीलच्या आत जातं. पावसाळ्यात किनाऱ्यावरचा धंदा थंडावतो आणि गाड्या ताडपत्रीखाली उभ्या राहतात. पार्किंग ब्रेक लावून ठेवलेली गाडी चार महिन्यांनी काढताना शू ड्रमला चिकटलेले सापडतात. तेव्हा ब्रेक मोकळा सोडून, चाकांना दगड लावून ठेवावं आणि पंधरवड्याने गाडी थोडी पुढे-मागे ढकलावी.

महाराष्ट्रातल्या अनेक अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची ब्रेकशी पहिली खरी झुंज बाहा एसएई इंडिया स्पर्धेत होते. इंदूरजवळच्या पिथमपूरला २००७ पासून ही स्पर्धा सुरू झाली. विद्यार्थी स्वतः एटीव्ही बांधतात. तिला स्टिअरिंग आणि पाइपांचा पिंजरा असतो, म्हणजे आपल्या हँडलवाल्या क्वाडपेक्षा ती वेगळी. पण तिची ब्रेक चाचणी निर्दय आणि म्हणूनच चांगली आहे: पेडल दाबलं की चारही चाकं एकदम लॉक झाली पाहिजेत, आणि एक सर्किट निकामी झालं तरी दुसरं चाललं पाहिजे. एक चाक फिरत राहिलं तरी गाडी नापास. पुण्या-नाशिकची मुलं रात्र-रात्र हवा काढत बसतात ती याच चाचणीसाठी. हाच निकष आपल्या गाडीला लावायला काही खर्च येत नाही. मोकळ्या, सपाट, सुट्या मातीत सावकाश वेगात ब्रेक मारायचा आणि उतरून चाकांच्या खुणा बघायच्या. डाव्या-उजव्या खुणा सारख्या नसतील तर गाडी उतारावर नेऊ नये.

बसण्याआधी लीव्हर कुठला कशाचा तेही माहीत करून घ्यावं. होंडाच्या शेतीकामाच्या गाड्यांवर उजवा लीव्हर पुढचा आणि डावा लीव्हर मागचा. पोलारिसवर डाव्या हातातला एकच लीव्हर चारही चाकं धरतो. एका गाडीची सवय घेऊन दुसरीवर बसलेला माणूस घाबरला की हात आधीच्याच जागी जातो.

भारतात बहुतेक एटीव्ही रस्त्यासाठी नोंदवलेल्या नसतात, त्यामुळे आरटीओची फिटनेस तपासणी त्यांच्या वाट्याला येत नाही. किनाऱ्यावर भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाडीचे ब्रेक कोण तपासतं, याचं उत्तर बऱ्याच ठिकाणी ‘मालकाची मर्जी’ असं आहे. स्थानिक प्रशासनाने परवाना देताना वर्षातून दोनदा ब्रेक चाचणीची अट घातली तर ती जाचक म्हणता येणार नाही. तोपर्यंत तपासणी तुम्हालाच करायची आहे. पैसे देण्याआधी इंजिन बंद असताना एकेक लीव्हर दाबून धरा आणि सोबतच्या माणसाला गाडी ढकलायला सांगा. लीव्हर हँडलला टेकला, हळूहळू खाली गेला किंवा दाबूनही गाडी हलली, तर ती गाडी घेऊ नका.